भोंगा आणि गाणे

मी जुळे सोलापुरात राहतो. नाव जुळे, पण थोरल्या सोलापूरच्या अंगाखांद्यावर गिरण्यांची धुराडी उभी राहिली, धाकट्याच्या वाट्याला बंगले आणि नळाची वाट पाहणे आले. माझे बालपण थोरल्याकडचे. घरात घड्याळ होते, पण त्याला कोणी विचारीत नसे. पाळीचा भोंगा झाला की चूल पेटे.

वडील साच्यावर कामाला. खडखडाटाने कान बधिर झालेले, म्हणून गात ते मोठ्याने. आणि गात ते अमर शेखांचे. शाहीर आमच्याच जिल्ह्यातले, बार्शीचे, जन्म १९१६ चा. बार्शीच्या गिरणीत त्यांनी स्वतः घाम गाळला, संपातही उतरले. पुढे मुंबईत १९४४ साली अण्णा भाऊ साठे व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंच्या ‘मुंबईच्या लावणी’त एकाच शहराची दोन तोंडे दिसतात, मलबार हिलचे आणि परळचे. शृंगाराला सरावलेल्या कानांना लावणीचा हा ठसका नवाच होता.

पण ही सारी गाणी चालू गिरणीची! रागवायला समोर मालक होता, गेट होते, गेटवर सभा होती. दोघेही शाहीर १९६९ साली, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने गेले. शतक सरता सरता सोलापूरच्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा डफावर थाप मारायला ते नव्हते.

वडिलांच्या गिरणीच्या गेटवर एके सकाळी नोटीस लागली. देण्याचा हिशेब कित्येक वर्षे लोंबकळत राहिला. ते टॉवेलच्या यंत्रमागावर जाऊ लागले. घरातले गाणे मात्र थांबले. मी एकदा विचारले, तर म्हणाले, “कुणावर म्हणू?”

परवा एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक इंग्रजी गाणे ऐकवले. कॉव्हेंट्री हे इंग्लंडातले मोटारींच्या कारखान्यांचे गाव. कामे गेली, पोरे बेकार झाली, तेव्हा तिथल्याच ‘द स्पेशल्स’ या काळ्यागोऱ्या पोरांच्या ताफ्याने १९८१ साली ‘घोस्ट टाउन’, म्हणजे भुताचे गाव, हे गाणे काढले. बंद पडलेली नाचघरे, रिकाम्या हातांची भांडणे, एवढाच त्याचा ऐवज. जुलैत ते त्या देशात पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्याच दिवसांत लिव्हरपूल, मँचेस्टरला दंगली पेटल्या होत्या. बंद पडलेल्या गावाचेही गाणे होते, हे मला त्या दिवशी कळले. मला हेवा वाटला, हे कबूल करतो.

रात्री ते वडिलांना ऐकवले. शब्द एकही कळला नसावा. आरंभी वाऱ्यासारखा एक सूर चढत येतो, तिथेच त्यांनी मान वर केली.

“हा कुठल्या गिरणीचा रे?”