वेर्नरचे विद्यार्थी आणि काळा दगड

खडकांचे प्रकार शिकवायचे म्हणजे अग्निज, गाळाचे, रूपांतरित असा तक्ता आणि शेजारी नमुन्यांची पेटी, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पण दगड हातात देऊन शिकवण्याला शिस्त लावणाऱ्यांत एक नाव फार महत्त्वाचं आहे, अब्राहम वेर्नर. जर्मनीत सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत तो १७७५ पासून शिकवत होता.

आदल्याच वर्षी त्याचं खनिजांच्या बाह्य लक्षणांवरचं पुस्तक आलं होतं. रंग, चकाकी, फुटल्यावर दिसणारा पृष्ठभाग, कठीणपणा, हाताला जाणवणारं वजन आणि गारवा, वास, अगदी चवसुद्धा! प्रत्येक लक्षणासाठी ठरलेले शब्द. त्यामुळे एकाने केलेलं वर्णन वाचून दुसऱ्याला तोच दगड ओळखता येई. हंबोल्ट, फॉन बुख ही मंडळी याच वर्गात तयार झाली.

आता गंमत बघा. शाइबेनबर्गच्या टेकडीवर वेर्नरला खाली वाळू, त्यावर चिकणमाती आणि सगळ्यात वर बसाल्ट दिसला. एकातून दुसरा हळूहळू होत गेल्यासारखा. त्याने ठरवलं, बसाल्टही पाण्यातच साचला. थरांचा क्रम त्याने अचूक टिपला होता, फसला तो अर्थ लावताना. बसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. ते एकावर एक थर नुसते लांबून पाहिले तर तुम्हीही गाळच म्हणाल की! हातातला तुकडा दगड कसा आहे ते सांगतो. तो कुठून आला हे कळायला त्याच्या मागे चालत जावं लागतं.

फ्रान्समधल्या ओव्हेर्न्यमध्ये देमारे तसा चालला होता. तिथला बसाल्ट जुन्या ज्वालामुखींपर्यंत जातो, हे त्याने नकाशावर मांडलं होतं. १८०२ मध्ये फॉन बुख तिथे गेला. तिथला बसाल्ट ज्वालामुखीचा हे त्याने मानलं, पण सॅक्सनीच्या बसाल्टबद्दल लगेच मत बदललं नाही. (गुरूचं मत सोडणं तेव्हाही सोपं नव्हतं.)

दोब्युइसाँची गोष्ट मला जास्त आवडते. हाही वेर्नरचाच विद्यार्थी. १८०३ मध्ये त्याने सॅक्सनीच्या बसाल्टवर पुस्तक लिहून गुरूचीच बाजू घेतली. मग ओव्हेर्न्यला जाऊन आला आणि १८०४ मध्ये आपलं मत जाहीरपणे बदललं. पुढे १८१९ मध्ये त्याने भूरचनेवर मोठा ग्रंथ लिहिला, तो मात्र बराचसा वेर्नरच्याच चौकटीत.