नॉर्मल, पण कुणाच्या मापाने?

परवा सात रस्ता चौकात एक फवारणीवाला भेटला. नान्नजकडचा, द्राक्षबागेत ब्लोअर चालवतो. दोन दिवस डोकं धरलेलं. पिशवीतून त्याने लॅबचा कागद काढला. कोलिनेस्टेरेज या रक्तातल्या एन्झाइमचा आकडा 6,000, शेजारी छापलेली मर्यादा 5,300 ते 12,900. आकडा ठळक छापलेला नव्हता. "रिपोर्ट नॉर्मल हाय, म्हंजे औषधाचं काय नसंल." (विषाला आपण औषधच म्हणतो.) हंगामाआधी कधी रक्त तपासलं होतंस का, विचारलं. "तवा कशाला? तवा बरा होतो की."

हाच समज शिकलेल्यांचाही आहे, आणि त्यांची बाजू पोकळ नाही. निरोगी माणसांचं रक्त मोजूनच ती मर्यादा ठरते. ती सोडली तर उन्हाने दुखलेलं डोकंही फवारणीच्या माथी मारता येईल. मान्य. पण एवढ्या ऐसपैस मर्यादेत या गड्याची स्वतःची पातळी कुठे होती, हे त्या कागदाला कसं कळावं?

समजा, ती 10,500 होती. ऑर्गनोफॉस्फेट औषधं हे एन्झाइम बंद पाडतात, तेव्हा 6,000 म्हणजे 43 टक्के घट. कॅलिफोर्नियात अशी औषधं नेहमी हाताळणाऱ्या कामगाराची मूळ पातळी आधीच नोंदवतात. प्लाझ्मातलं एन्झाइम त्या पातळीच्या 60 टक्क्यांवर किंवा खाली आलं, की त्याला त्या कामातून बाजूला काढतात. आमचा गडी 57 टक्क्यांवर असून नॉर्मल!

उलटही घडतं. तेलुगू भाषक आर्य वैश्य समाजात काहींचं हे एन्झाइम जन्मतःच फार कमी असतं. भूल देणारे डॉक्टर त्यामुळे स्कोलिन हे स्नायू सैल करणारं औषध देताना जपतात. यकृत बिघडलं तरी ते घटतं. म्हणजे नुसत्या कमी आकड्यावरूनही विषबाधा ठरत नाही.

आणि सगळी औषधं या एन्झाइमच्या वाटेला जातातच असं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा गाजलेलं डायफेन्थियुरॉन वेगळ्याच मार्गाने काम करतं. त्याची बाधा कोलिनेस्टेरेजमध्ये शोधणं म्हणजे थर्मामीटरने रक्तदाब पाहणं. तपासणी खोटी नाही. तिला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

गंमत अशी, की युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची 2006 पासून ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटनिशी नोंद होते, औषधाचा अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. फवारणाऱ्याची नोंद हजेरीच्या वहीत, तेवढीच.

बागायतदारहो, महिनाभर औषधाला हात लागला नसेल तेव्हा गड्याचं रक्त एकदा तपासून घ्या. पुढेही त्याच लॅबमध्ये तपासा, आणि तो पहिला कागद त्याच्यापाशी राहू द्या.