शेजार-शोध आणि राउटरची वेस

येरवडा म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास कारागृह व १९३२ चा पुणे करार प्रथम आठवतो. एकविसाव्या शतकात मात्र याच उपनगरात, सम्राट अशोक पथावर, कॉमरझोनसारखे संगणक-व्यवसायाचे संकुल उभे राहिले. अशा संकुलांत एका छपराखाली अनेक कंपन्या नांदतात. प्रत्येकीचे जाळे स्वतंत्र असते आणि सेवा पुरविणाऱ्याची तार बाहेरून आत येते. येथे राउटरने आपली ओळख कोणास सांगावी, या प्रश्नाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

१९९४ मध्ये कीथ मॅक्लोग्री व डिनो फॅरिनाची यांनी सिस्को कंपनीत ‘सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल’, संक्षेपाने सीडीपी, सिद्ध केला. त्यानुसार राउटर सामान्यतः दर ६० सेकंदांनी आपले नाव, पत्ता, बनावट, पोर्ट व प्रणालीची आवृत्ती शेजारच्या यंत्रास कळवितो. १८० सेकंद काही ऐकू न आल्यास शेजारी त्याची नोंद पुसतो. ही दवंडी एका तारेपुरतीच असते. तरीही एकेका शेजाऱ्यास विचारीत गेल्यास साऱ्या जाळ्याचा नकाशा हाती येतो. ही सोय लहान नव्हे. भिन्न उत्पादकांच्या यंत्रांसाठी तीच सोय २००५ च्या एलएलडीपी या मानकाने केली.

दोहोंच्या मुळाशी एक गृहीतक होते : तारेच्या दुसऱ्या टोकाचा शेजारी आपलाच. म्हणून घोषणेस ना कुलूप, ना शिक्का. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या संस्थेने सिस्कोच्या यंत्रांतील सीडीपीचे पाच दोष उघड केले. त्यांचा लाभ घेण्यास हल्लेखोर त्याच स्थानिक जाळ्यात असावा लागे, असे समाधान तेव्हा देता येत होते. सामाईक इमारतीत ते फारच तोकडे पडते.

सिस्कोच्या बहुतेक राउटरांवर सीडीपी मुळातच चालू असतो. ‘नो सीडीपी रन’ ही आज्ञा तो संपूर्ण यंत्रावर बंद करते. हा उपाय सरसकट योजणे आम्हांस इष्ट वाटत नाही. कारण नकाशा तर जातोच, शिवाय स्विचचे काम करणाऱ्या यंत्रावर तीच आज्ञा दिल्यास मेजावरील अनेक दूरध्वनींना आपले आभासी जाळे कोणते हे कळण्याचा मार्ग खुंटतो. बाहेरच्या तारेच्या इंटरफेसवर तेवढी ‘नो सीडीपी एनेबल’ ही आज्ञा द्यावी. एलएलडीपीमध्ये बोलणे व ऐकणे निरनिराळे बंद करता येते : ‘नो एलएलडीपी ट्रान्समिट’ दिल्यास राउटर मौन राखतो, पण शेजाऱ्याची घोषणा ऐकत राहतो. वेशीवरील राउटरच्या दृष्टीने २००५ च्या मानकाची हीच खरी भर होय.