शब्दाखालची सही

१६१६ साली राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. त्या काळी असा ग्रंथ छापण्यापूर्वी धर्माधिकाऱ्यांची संमती लागे. त्या बंधनाचे दोष इतिहासाला ठाऊक आहेत. परंतु शब्दांची जबाबदारी कोणाची, हे वाचकाला कळत असे.

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला सहीचे मोल सांगायला नको. तलाठ्याच्या सहीविना सात-बाऱ्याला किंमत नव्हती. तो संगणकावर आल्यावरही डिजिटल स्वाक्षरी लागतेच.

आज मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्ता कोणत्याही प्रश्नाला सफाईदार मराठीत उत्तर देते. एका शब्दामागून कोणता शब्द यावा, हे ती अफाट लिखाणाच्या आधारे ताडते. खरेपणाची ग्वाही देत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीवरील प्राप्तिकर आकारणीचा आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुरविलेली माहिती पडताळूनच वापरावी, असे न्यायालयाने बजावले. जाब द्यावा लागला तो आदेश काढणाऱ्या खात्याला.

जमिनीचा व्यवहार असो, औषध असो वा मुलांचा अभ्यास, यंत्राचे जरूर ऐकावे. मात्र त्या उत्तराखाली सही कोणाची, हे आधी विचारावे. सही नसेल, तर पडताळणीचा भार आपल्याच शिरावर आहे.