स्तारी मोस्त

स्तारी मोस्त (अर्थ: जुना पूल) हा बोस्निया आणि हर्झगोव्हिना या देशातील मोस्तार शहरात नेरेत्वा नदीवर असलेला एककमानी दगडी पूल आहे. मूळ पूल सोळाव्या शतकात, ओस्मानी राजवटीत बांधला गेला. १९९३ मध्ये तो युद्धात नष्ट झाला. सध्याचा पूल ही २००४ मध्ये पूर्ण झालेली त्याची पुनर्बांधणी आहे.

इतिहास

दगडी पुलापूर्वी येथे साखळ्यांवर टांगलेला लाकडी पूल होता. तो धोकादायक ठरल्याने सुलतान सुलेमान याच्या आज्ञेवरून १५५७ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू झाले व १५६६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. विख्यात वास्तुविशारद सिनान याचा शिष्य हायरुद्दीन हा या पुलाचा निर्माता मानला जातो. पूल कोसळल्यास देहदंड ठरलेला असल्याने आधार काढण्याच्या दिवशी त्याने स्वतःची कबर खणून ठेवली होती, अशी आख्यायिका आहे. मोस्तार हे शहराचे नावही पुलाच्या रक्षकांवरून (मोस्तारी) पडले.

रचना

पुलाची लांबी सुमारे ३० मीटर व रुंदी सुमारे ४ मीटर आहे. नदीपात्रात एकही खांब नाही. बांधकामासाठी तेनेलिया नावाचा स्थानिक फिकट चुनखडक वापरला असून, चिरे लोखंडी पट्ट्यांनी जोडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतलेले आहे. दोन्ही टोकांना हालेबिया व तारा हे बुरूज आहेत.

विनाश

युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतरच्या युद्धात मोस्तार शहर दुभंगले. बोस्नियाई क्रोएट सैन्याच्या तोफमाऱ्याने ९ नोव्हेंबर १९९३ रोजी पूल नदीत कोसळला. याविषयीचा खटला हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे चालला. २०१३ च्या निकालात हा विध्वंस गुन्हा ठरविण्यात आला. मात्र पूल हे लष्करी लक्ष्य होते, या कारणास्तव अपील पीठाने २०१७ मध्ये तो निष्कर्ष रद्द केला. पुलाचे लष्करी महत्त्व आणि त्याचे सांस्कृतिक मूल्य यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यामुळे अद्यापही चर्चेत आहे.

पुनर्बांधणी

युद्धानंतर युनेस्को, जागतिक बँक आदी संस्थांच्या साहाय्याने पूल पुन्हा उभारण्यात आला. हंगेरीच्या लष्करी पाणबुड्यांनी नदीतून मूळ चिरे बाहेर काढले. परंतु त्यांतील बहुतेक पुन्हा वापरण्यायोग्य नव्हते. त्यामुळे त्याच जातीचा नवा दगड घडवून जुन्याच पद्धतीने बांधकाम करण्यात आले. २३ जुलै २००४ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. २००५ मध्ये पुलासह जुन्या शहराचा परिसर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. या देशातील ते पहिलेच वारसास्थळ होय.

परंपरा

पुलावरून नेरेत्वाच्या थंडगार पाण्यात सूर मारण्याची परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरली की ही उंची २० मीटरहून अधिक भरते. दरवर्षी येथे सूर मारण्याची स्पर्धा होते.