खुणांनी सांगितलेली कळ

खांद्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला आज दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो आकड्याचा. शून्य ते दहापैकी दुखणे किती? आपल्याकडचा रुग्ण सहसा आकडा सांगत नाही. तो म्हणतो, ठणका लागलाय, किंवा हात उचलला की कळ येते. ठणका थांबत नाही, कळ येते आणि जाते, सणक डोक्यापर्यंत जाते, रग मात्र सोसण्यासारखी असते. मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये अशाच ७८ शब्दांची प्रश्नावली तयार केली. आकडा घ्या की शब्द, रुग्ण बोलेल हे त्यात गृहीत असते.

न बोलणारा एक रुग्ण नगरच्या इतिहासात आहे. अरणगावच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. त्यांच्यावर लिहिले गेले ते बहुतेक श्रद्धेच्या अंगाने. अस्थिभंगाचे रुग्ण म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही, आणि इथे तेवढेच पाहायचे आहे.

१० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले. पुढे इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून ते संवाद करीत. २४ मे १९५२ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमातील प्राग गावाजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. डावा हात, डावा पाय आणि नाक मोडले. गावातल्याच डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात उपचार झाले आणि नंतर रुग्णवाहिकेतून त्यांना दक्षिण कॅरोलिनातील मर्टल बीचला नेण्यात आले. एक हात जायबंदी असला तरी अक्षरपाटीला एक बोट पुरते. कुठे दुखते, कसे दुखते, हे अक्षरे जुळवून का होईना, सांगता येत होते.

ऑक्टोबर १९५४ मध्ये त्यांनी ती पाटीही सोडली. उरल्या फक्त हाताच्या खुणा. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ डिसेंबर १९५६ रोजी, साताऱ्याजवळ उडतारे येथे दुसरा अपघात झाला. मोटार एरच जेसावाला चालवीत होते. या वेळी उजव्या खुब्याचा सांधा मोडला. मंडळींपैकी डॉ. निळू या अपघातात दगावले. ज्याने रुग्णाची खूण वाचायची, तो निकटचा वैद्यच गेला होता. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत जड गोष्ट हीच. चरित्रांतून मात्र ती एका वाक्यात उरकली जाते.

खुबा पूर्ववत झाला नाही. आज सर्रास होणारी खुबाबदलाची शस्त्रक्रिया तेव्हा हाताशी नव्हती. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये तिला आजचे रूप दिले ते १९६२ च्या सुमारास. फेब्रुवारी १९५८ मध्ये मेहेराबादला सहवासाचा मेळावा झाला, तेव्हा बाबांना खुर्चीत बसवून, ती खुर्ची उचलून नेत. खुर्ची उचलणाऱ्यांना पाऊल कुठे अडखळले की काय होते हे कळत असणार. चेहरा आणि हाताची मूठ पाहून.

इथे संशोधकाची अडचण होते. अनुयायांच्या लेखनात ही वेदना स्वेच्छेने पत्करलेली आहे, तिला जगासाठीचा अर्थ आहे. तो अर्थ खरा की खोटा हे ठरवणे इतिहासाचे काम नाही. पण त्या अर्थाच्या ओझ्याखाली साधी माहिती दबते. रात्री झोप लागत होती का? कूस कोण बदलून देई? खांदा मोडलेला असो वा खुबा, बरे होण्याच्या काळात दिवसापेक्षा रात्रच मोठी असते, हे त्यातून गेलेला कोणीही सांगेल. (आपल्या संतचरित्रांतही दुखण्याचे तपशील असेच लवकर गळतात.)

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली. तोंडी वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी एकच आहे, आणि सांगता येत नाही म्हणून ती नाही असे होत नाही, असे तिच्या टिपांत स्पष्ट म्हटले आहे. तान्ही बाळे, पक्षाघाताचे रुग्ण, भुलीतून अर्धवट जागे झालेले, हे सगळे त्यात आले.

बाबांच्या आयुष्याची शेवटची वर्षे पिंपळगावच्या मेहेराझादला आणि उन्हाळ्यांत पुण्याला गेली. चालताना आधार लागे. जानेवारी १९६९ मध्ये स्नायूंचे तीव्र आचके सुरू झाले. ३१ तारखेला पिंपळगावातच ते गेले. तोवर मौनाला त्रेचाळीस वर्षे उलटली होती, आणि मोडलेल्या खुब्याला बारा.