‘धुमसणे’ : महाडच्या इतिहासातील एका वाक्प्रचाराविषयी

‘असंतोष धुमसत होता’ हे वाक्य आमच्या इतिहासग्रंथांतून इतके सढळपणे योजले जाते की, त्यातील मूळ व्यवहाराचे भान सुटले आहे. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात भाताच्या रोपासाठी राब भाजताना शेतकरी शेण, काटक्या व पालापाचोळा यांचे थर रचून वर माती पसरतो, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जळत जाईल असा विस्तव लावतो. राब भडकू नये, जमीन सावकाश भाजावी, हा त्यातील हेतू. म्हणजे धुमसणे आपोआप घडत नाही. ते कोणीतरी रचावे लागते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या घटनेस ‘उद्रेक’ म्हणण्याची प्रथा आहे. आमच्या मते ती चुकीची आहे. महाडनजीकच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे सैन्यातून निवृत्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते. सैन्यभरतीचे दार बंद झाल्यावर त्यांनी सरकारकडे विनंतीअर्जाचा उद्योग केला. हा पहिला थर. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ मध्ये सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले. ठराव झाले, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही! कागदावर हक्क आणि काठावर मज्जाव, ही स्थिती तीन वर्षे टिकली. रा. बा. मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी याच काळात परिषदेची जुळवाजुळव केली.

भडका उडाला तो दुसऱ्याच बाजूस. वीरेश्वराच्या देवळात शिरण्याचा बेत असल्याची अफवा पसरताच परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या वेळी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आड आला. त्यावेळी तळ्याकडे न जाता २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मनाईचा मान राखण्याचा तो निर्णय संतापाचा नव्हे, संयमाचा होता. दाव्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला, तो अस्पृश्यांच्या बाजूने.